साडेबाराची भरती

सत्यवतीशी भांडायचं तर लेखी भांडावं लागतं. तोंडी भांडायला ती कुणासमोर येतच नाही. सकाळी नऊला लॅपटॉप उघडते, संध्याकाळी सातला मिटते, आणि मधल्या दहा तासांत तिच्या तोंडून निघालेली वाक्यं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. त्यातलीही निम्मी कुरिअरवाल्याला ओटीपी सांगण्यात जातात.

हे मी थोडं चेष्टेनं सांगते आहे, कारण आम्ही पाचवीपासून एका बाकावर बसलो आणि तेवढा हक्क माझा आहे. मी आभा. पनवेल गावात माझं शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान आहे. सत्यवती नवीन पनवेलला राहते, सातव्या मजल्यावर. माझ्या दुकानापासून तिच्या घरापर्यंत रिक्षानं बारा मिनिटं लागतात. तरी आमची भेट व्हायची वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. यात चूक तिची किती आणि माझी किती, हे ठरवायला मी पुष्कळदा बसले आणि दर वेळी माझ्या बाजूनं निकाल देऊन उठले.

तिच्या बिल्डिंगची लिफ्ट बोलते. ‘कृपया दरवाजा बंद करा’ असं गोड बाईच्या आवाजात सांगते. मी एकदा म्हटलं, “सत्या, तुझ्याशी रोज बोलणारी ही एकच बाई.”

ती हसली नाही. म्हणाली, “रोज कुठे? मी रोज खाली उतरत नाही.”

तिचे वडील आनंदा खाडीकाठच्या एका मिठागराचे मुकादम होते. आम्ही सगळे त्यांना आनंदाकाका म्हणायचो. सत्या दहावीत असताना तिची आई गेली. मग घरात हे दोघंच. पुढे सत्या इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि काका मिठागराच्या बांधावरच्या खोपीत राहायला गेले. दहा वर्षांपूर्वी ते आजारी पडले तेव्हा ती पनवेलला परत आली. नऊ महिन्यांत काका गेले. ती मात्र राहिली, कारण तोवर तिचं ऑफिसच घरात आलं होतं. लग्न का केलं नाहीस, असं मी तिला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तिनं मलाच विचारलं, “तुझं कसं चाललंय?” मग मीच विषय बदलला.

तिचं काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासणं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण एक शब्द मला पहिल्या दिवसापासून आवडला. तयार प्रोग्रॅममध्ये कुणी दुरुस्ती सुचवली तर तिला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. म्हटलं, अरे, हा तर आपलाच धंदा! फक्त आमच्याकडे ठिगळ लावल्यावर आई पोराला उभं करून बघते, आणि यांच्याकडे यंत्र बघतं. प्रोग्रॅमला विचारायचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली असतात. त्याला युनिट टेस्ट म्हणतात. ठिगळ लावलं की यंत्र ते सगळे प्रश्न पुन्हा विचारतं. उत्तरं जुळली तर हिरवं, एक जरी चुकलं तर लाल. लाल आलं की पॅच परत. सत्याला हे फार आवडायचं. माणसाशी हुज्जत घालावी लागत नाही, म्हणायची. टेस्टच काय ते सांगते.

नोकरीव्यतिरिक्त तिचं स्वतःचं एक काम होतं. एक छोटा प्रोग्रॅम, कुणालाही फुकट वापरता येईल असा. तारीख आणि जागा सांगितली की तिथल्या खाडीत भरती किती वाजता लागेल ते तो सांगतो. मोठ्या बंदरांच्या वेळा सरकार छापतं. पण पनवेल-उरणच्या बारक्या फाट्यांचं काय? तिथल्या होड्यांना, कोळंबीच्या तळ्यांना, पुलाखाली काम करणाऱ्यांना कोण सांगणार? म्हणून तिनं ते बारा वर्षांपूर्वी लिहायला घेतलं. पुढे दोन-तीन मोबाइल ॲपनी ते वापरलं. जगातून कुणी ना कुणी दुरुस्त्या पाठवायचे आणि ही त्या तपासायची. तिथं तिनं नाव नुसतं ‘सत्या’ लावलं होतं, त्यामुळे सगळे तिला सर म्हणायचे. तिनं बारा वर्षांत एकाचीही चूक सुधारली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “काय फरक पडतो? कोण भेटायला येणार आहे?”

या प्रोग्रॅमच्या टेस्टमधली मुख्य टेस्ट होती तिच्या बाबांची.

झालं असं होतं की सुरुवातीला आपलं गणित बरोबर आहे की नाही हे ताडून बघायला तिच्याकडे काही नव्हतं. अशा फाट्यांवर पाण्याची खरी वेळ माहीत असलेला एकच माणूस तिच्या ओळखीचा होता. समुद्राचं पाणी आगरात घ्यायला बांधाला जी झडप असते तिला उघाडी म्हणतात. उधाणाच्या भरतीला ती वेळेवर उघडली नाही तर पुढचे पंधरा दिवस बोंब. आनंदाकाकांची उघाडी चाळीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. तेव्हा सत्यानं वर्षभर पुण्याहून दर पुनवेला आणि दर अवसेला सकाळी फोन केला. “बाबा, आज भरती किती वाजता?” ते सांगायचे, “साडेबारा.” कधी पाऊण, कधी सव्वाबारा. ती लिहून घ्यायची. असे चोवीस फोन झाले.

पण तिच्या गणितातून येणारी वेळ आणि बाबांची वेळ जुळेना. दर वेळी बाबा अर्धा तास आधी. तिनं गणित चार वेळा तपासलं. मग ठरवलं की खाडीचा तळ, वळणं, काहीतरी आपल्याला न कळणारं असणार, बाबा चुकणार नाहीत. तिनं प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली की या खाडीच्या सगळ्या फाट्यांसाठी आलेल्या उत्तरातून तीस मिनिटं वजा करायची. शेजारी टीप लिहिली, ‘टेस्टमधल्या वेळांशी जुळण्यासाठी’. चोवीसच्या चोवीस उत्तरं हिरवी झाली.

पुढे काका गेले, मिठागर गेलं, तिथं भराव पडला, उघाडी वीस फूट मातीखाली गेली. टेस्ट तेवढी राहिली.

त्या तीस मिनिटांनी तिचा एक माणूस घालवला होता. कळंबोलीचा धनेश. दोन वर्षं तो तिच्या बरोबरीनं या प्रोग्रॅमवर राबला, पदरचा वेळ देऊन. रोज काही ना काही लिहायचा. काम संपलं की आज डब्यात काय होतं तेही लिहायचा. ती उत्तर द्यायची नाही, पण वाचायची. हे तिनंच मला सांगितलं. एक दिवस धनेशनं विचारलं, हे तीस कुठून आले? यामागे काही आधार दिसत नाही. सत्यानं लिहिलं, ‘टेस्ट बरोबर आहे. तुम्ही चूक आहात.’ बस. धनेश दुसऱ्या दिवशी आला नाही. नंतरही आला नाही. मग चौदा महिने कुणीच आलं नाही. ती एकटीच दर आठवड्याला सगळ्या टेस्ट चालवायची, हिरव्या आलेल्या बघायची आणि बंद करायची.

या दिवाळीनंतर नावेदचा पॅच आला.

पॅच आल्याची खूण स्क्रीनवर दिसली तेव्हा तिनं आधी उठून चहा केला. प्यायली, आणि परत दुसरा केला. मग उघडला. नावेद मूळचा उरणकडचा, आता दोह्याच्या बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या टगवर नोकरीला. त्याचा धाकटा भाऊ हसन गावाला होडी चालवतो. हसनच्या मोबाइलमधलं ॲप सत्याचाच प्रोग्रॅम वापरत होतं. ॲप म्हणायचं भरती साडेबाराला. हसन त्या हिशेबानं जेट्टीला यायचा, आणि होडी एक वाजेपर्यंत चिखलात. त्यानं भावाला फोनवर झापलं, तुमच्या कॉम्प्युटरपेक्षा आपला म्हातारा नाना बरी वेळ सांगायचा. नावेदनं रिकाम्या वेळात शोध घेतला आणि त्याला ती ओळ सापडली. त्याचा पॅच एवढाच होता की ती ओळ काढून टाकायची.

यंत्रानं पॅच लावला, प्रश्न विचारले. बाबांची टेस्ट लाल. चोवीसच्या चोवीस उत्तरं अर्ध्या तासानं चुकलेली.

सत्यानं सवयीनं लिहिलं, ‘युनिट टेस्ट फेल होते. टेस्ट बदलणार नाही. पॅच परत.’ आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. तिनं मला नंतर सांगितलं, “मी हात मांडीवर ठेवून बसले. वाटलं, झालं, हाही गेला.”

दहा मिनिटांत उत्तर आलं. पॅचसोबत इंग्रजीत लिहिणाऱ्या नावेदनं या वेळी मराठीत लिहिलं होतं. ‘सत्यासर, तुम्ही आमच्या साइडचेच दिसता, म्हणून मराठीत लिहितो. बुरा मानू नका. मी चुकत असेन तर माफी. फक्त टेस्टमधल्या वेळा कुठून घेतल्या तेवढं सांगा. मला समजून घ्यायचं आहे.’

या शेवटच्या वाक्यानं तिची पंचाईत केली. भांडणाऱ्याला तिच्याकडे उत्तर होतं. समजून घेणाऱ्याला काय सांगायचं? माझे बाबा म्हणाले म्हणून? चार दिवस तिनं काहीच लिहिलं नाही. पाचव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, ती चक्क माझ्या दुकानात उभी.

दिवाळीनंतर आमच्या धंद्यात माशा मारायच्या. मी एका पिनाफोरचा खालचा दाब उसवत बसले होते. सत्याला बघून मला आधी कुणी गेलं की काय असंच वाटलं. आठ महिन्यांत हिनं पनवेल गावात पाय टाकला नव्हता.

“बस,” म्हटलं. “कोण वारलं?”

“कोणी नाही. टेस्ट फेल झाली.”

मी सुई खाली ठेवली. तिनं सगळं सांगितलं, नावेदचं, हसनच्या होडीचं, तीस मिनिटांचं. तासभर बोलली असेल. इतकं सलग बोलताना मी तिला शाळेत तोंडी परीक्षेतसुद्धा पाहिलं नव्हतं.

“तुझे बाबा चुकले असतील,” मी म्हणाले.

“बाबा चुकायचे नाहीत.”

“मग तो नावेद चुकतोय.”

“त्याच्या भावाची होडी चिखलात बसते, आभा. होडी काय खोटं बोलते?”

“मग सोडून दे ना! घे तो पॅच, टाक ती टेस्ट काढून. तुझ्या बाबांना कोण सांगायला जाणार आहे?”

ती म्हणाली, “काढली तर बाबा खोटे ठरतात. ठेवली तर नावेद जातो. आणि हा गेला तर मी प्रोग्रॅमच बंद करणार आहे. एकटीनं नाही होत आता. मला अजून एक धनेश नको.”

मला भडभडून आलं, आणि रागही आला. राग तिचा नाही, माझा. बारा मिनिटांवर राहणारी ही बाई दोह्याच्या एका माणसाच्या दोन ओळींवर जगत होती, आणि मी इथं बसून तिच्या लिफ्टवर विनोद करत होते. पण मी पडले जिभेची तिखट. रडायच्या ऐवजी मी तिच्या पुढ्यात पिनाफोर आपटला.

“हे बघ. ही चार बोटं दुमड दिसते? याला दाब म्हणतात. पोर वाढतं म्हणून आम्ही कापड जास्त ठेवतो आणि आत दडवतो. तुझ्या बाबांनी वेळेत दाब ठेवला असणार. माणसं कामाला उशिरा येतात, म्हणून एकची भरती असली तर साडेबारा सांगायचं. मी नाही का शिंप्याला दोन दिवस आधीची तारीख देत?”

तिनं पिनाफोर हातात घेतला, दाब उलटून बघितला. “असेल,” म्हणाली. “तसं असेल तर बाबा खोटे नाही ठरत.”

“नाहीच ठरत. हुशार ठरतात.”

“पण सिद्ध कसं करायचं?”

“सिद्ध काय करायचंय? विचारू कुणाला तरी. मिठागरावरचं कोण आहे अजून?”

तिला एकच नाव आठवलं, रंभाकाकी. तीस वर्षं काकांच्या हाताखाली आगरात राबलेली बाई. आता मुलाकडे कोन गावात राहते, असं तिनं ऐकलं होतं.

शनिवारी आम्ही रिक्षानं कोनला गेलो. रंभाकाकीच्या मुलाचा तीन मजली बंगला, बाहेर दोन गाड्या, आणि ओट्यावर काकी सुपात सुकट निवडत बसलेली. पंच्याहत्तरी उलटलेली, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा, पण हात झपझप चालू.

“कोन गो?” तिनं विचारलं.

“मी सत्यवती, काकी. आनंदामुकादमाची.”

काकीनं सूप बाजूला ठेवलं. सत्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि भिंगाजवळ ओढून बघितला. “आनंदाची पोर! कवडी मोटी झालीस गो! केस पांडरे झाले तुजे. बस, बाय, बस.”

चहा आला, खारी आली, सुनेची ओळख झाली. सत्या नुसती मान हलवत होती. तिला या गोष्टी जमत नाहीत. शेवटी मीच तिला कोपरानं ढोसलं.

“काकी, एक विचारायचं होतं,” सत्या म्हणाली. “बाबा तुम्हाला भरतीची वेळ सांगायचे. ती बरोबर असायची ना?”

“कवाच नाय,” काकी म्हणाली आणि बोळक्या तोंडानं हसली. “पानी येकला येनार आसला का त्यो बोलायचा साडेबाराला या. अर्दा तास आदी बोलवायचा आमाला.”

मी सत्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. सत्यानं डोळे मिटून सुस्कारा सोडला. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं.

“तुम्ही लोक उशिरा यायचात म्हणून ना?” मी विचारलं.

काकीला माझा राग आला. “कोन उशिरा येल? खाडीच्या कडंला जल्मलो आमी. पानी कवा चढतंय त्ये आमाला दिसत नवता काय? त्याच्यापरीस आमाला जास्त म्हाईत. साडेबारा बोलला का आमी समजायचो, येकला येनार.”

“मग अर्धा तास आधी का जायचात?”

“बसाया,” काकी म्हणाली.

मी हातातली खारी बशीत ठेवली.

“आमी पाच-सा जनी जायचो,” काकी सांगू लागली. “त्यो बांदावं च्या ठेवून तयार आसायचा. आमी प्यायचो. मंग इचारायचा, रंभे, सुनेचं काय झालं? गोदे, डोल्याचं आपरेशन कवा हाय? आपन काय बोलायचा नाय. नुसता आयकायचा. पानी आला का उटायचा, बोलायचा चला.”

“आधीपासून असंच होतं?” सत्यानं विचारलं.

“नाय गो. तुजी आय होती तवा बराबर टायमाला बोलवायचा. आय गेली, तू घरात होतीस, तवा पन बराबर. तू पुन्याला गेलीस ना, त्या साली पयल्यांदा चुकीची येल सांगली त्यानं. आमी जाऊन बसलो, पानी काय येत नाय. मी बोलले, मुकादम आज चुकला. तं यानं च्या पुडं केली. मंग मी काय बोलले नाय. कोनीच बोलला नाय. वरसानवरस आमी अर्दा तास आदी गेलो. येकटा मानूस, त्या येवड्या मोट्या आगरात.”

सत्या सुपातल्या सुकटीकडे बघत होती. म्हणाली, “मी एक वर्ष फोन करायचे काकी. दर पुनवेला, अवसेला. भरती किती वाजता विचारायला. मलाही साडेबाराच सांगायचे.”

“म्हाईत हाय. फोन ठेवला का आमाला सांगायचा, सत्या इचारत होती भरती कवा हाय. दिसभर वाटंकडं बगायचा.” काकीनं सूप परत मांडीवर ओढलं. “पोर भरती इचारते म्हंजे येते, आसं वाटायचं त्याला.”

परतायला आम्ही रिक्षा धरली. एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी ट्रकांची रांग लागली होती आणि रिक्षा मुंगीच्या पावलानं चालली होती. तिथं सत्या रडली. आवाज न करता, खिडकीकडे तोंड करून. मी तिचा हात धरला.

“चोवीस फोन, आभा,” ती म्हणाली. “एकातही मी ‘कसे आहात’ विचारलं नाही. वेळ लिहून घेतली आणि ठेवला. मला आकडा पाहिजे होता.”

मी म्हणाले असते की तुला काय माहीत होतं, तू लहान होतीस. पण ती लहान नव्हती, छत्तिशीची होती. आणि मला माझी बारा मिनिटं आठवत होती. म्हणून मी हातच घट्ट धरून ठेवला.

तिच्या बिल्डिंगपाशी रिक्षा थांबली. मी तशीच पुढे जाणार होते, पण ती म्हणाली, “वर ये ना.” तिनं आपणहून मला असं आजवर कधी म्हटलं नव्हतं. मी गेले. दुकान त्या दिवशी बंदच राहिलं.

तिनं लॅपटॉप उघडला आणि टेस्ट काढली. चोवीस तारखा, चोवीस वेळा. मी बाजूला खुर्ची ओढून बसले. ती एकेक वेळ बदलू लागली. साडेबाराचा एक. पाऊणचा सव्वा. सव्वाबाराची पाऊण. मी विचारलं, हे सगळं एकदम नाही का करता येत, कॉम्प्युटर आहे ना? म्हणाली, “येतं. दोन सेकंदांचं काम आहे.” आणि पुढच्या तारखेकडे गेली. मध्येच एका तारखेपाशी थांबली. “या दिवशी त्यांना खोकला होता,” म्हणाली. “फोनवर ऐकू येत होता.” मग तीही बदलली.

सगळ्या झाल्यावर तिनं नावेदचा पॅच लावला. यंत्रानं प्रश्न विचारले. हिरवं आलं. सत्याला त्याचा काही आनंद झालेला दिसला नाही, पण ती शांत होती.

आधी तिनं धनेशला एक ओळ लिहिली. ‘तीस मिनिटं चुकीची होती. तुम्ही बरोबर होतात. मी तुमच्याशी वाईट वागले.’ त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मग नावेदला लिहायला घेतलं. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. शेवटी जे पाठवलं ते मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

‘तुमचा पॅच बरोबर आहे. टेस्ट चुकीची होती, ती माझी होती. आता दुरुस्त केली आहे. शुक्रवारी तुमची सुट्टी असते ना? त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता पॅच आत घेते. साडेचारला कॉलवर या.’

“कॉलवर?” मी म्हटलं. “तू?”

तिनं मला गप्प बसायची खूण केली, कारण समोर तीन टिंबं हलत होती. नावेद लिहीत होता.

‘जी, जरूर. पण पाचचं काम आहे तर साडेचारला कशाला? काही तयारी करून ठेवू का?’

सत्यानं लॅपटॉप जवळ ओढला. मग तिनं लिहिलं,

‘नाही. बोलायला.’